गुरुवारची पाळी

विहिरीचे पाणी ओसरू लागले, की ते कोणी संपवले हे प्रत्येक वाटेकऱ्याला आधीच ठाऊक असते. आणि तो वाटेकरी आपण स्वतः कधीही नसतो. खोडदच्या शिवारातल्या एका मळ्यात यंदाच्या माघात नेमके हेच चालले होते.

विहीर एक आणि वाटेकरी तीन: नानासाहेब, त्यांचा धाकटा चुलतभाऊ बाळासाहेब, आणि दुसऱ्या एका दिवंगत चुलतभावाची पत्नी द्रौपदा. प्रत्येकाची मोटर वेगळी, पाइपलाइन वेगळी, पाणी मात्र एकच. म्हणून वाडवडिलांनी आठवडा वाटून दिला होता. सोमवार-मंगळवार बाळासाहेबाची पाळी, बुधवार-गुरुवार नानासाहेबांची, शुक्रवार-शनिवार द्रौपदाबाईंची. रविवारी कोणीही मोटर लावायची नाही. तो दिवस विहीर भरण्यासाठी सोडलेला.

त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास द्रौपदाबाईंच्या मोटरीचा आवाज बदलला. पाणी ओढणाऱ्या मोटरीचा आवाज जड असतो. हवा ओढू लागली की तो एकदम हलका आणि चिरका होतो. नानासाहेबांनी ओसरीवरूनच तो ओळखला.

“वहिनींच्या मोटरीनं पुन्हा हवा ओढली,” ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी सोनीबाई बाजरी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले. “अगं बया! गव्हाला दोन पाण्यं ऱ्हायलीत त्यांच्या. दाणा दुधात हाय. आत्ता पाणी चुकलं तर दाणं निसतं चिमून जातील. वरीसभर काय खायाचं त्या बाईनं?”

“बाळ्याचा ऊस पितोय सगळं. तोडलेल्या उसाचाच तिसरा खोडवा ठेवलाय पठ्ठ्यानं.”

“तुमाला कसं म्हाईत?”

“कसं म्हणजे? ऊस आहे तो!”

“आवं, उसाला तोंड न्हाई म्हून कायबी त्याच्या नावावर खपवायचं व्हय? अठ्ठावीस वर्सं त्या दुर्बिणीवर मापं घेत व्हता. दारची विहीर मापली का कदी?”

हा टोला वर्मी लागला. नानासाहेबांनी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर अँटेना फिरवणाऱ्या मोटरींची देखभाल करत नोकरी संपवली होती. मोजल्यावाचून बोलणाऱ्या माणसांविषयी त्यांना तिटकारा होता, आणि आता घरच्याच माणसाने त्यांना त्याच माणसांच्या रांगेत नेऊन बसवले होते. शिवाय या विषयात ते स्वतःला अधिकारी मानत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ऊस सोडला होता. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात एका साली हरभरा आणि दुसऱ्या साली गहू, अशी पिकांची फेरपालट त्यांनी धरली होती. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र सोडतात, उसापेक्षा पाणी कितीतरी कमी लागते, हे ते पारावर भेटेल त्याला सांगत. ऐकणारे मान डोलावून पुन्हा ऊसच लावत, हा भाग वेगळा.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “सोमवारपासून मोजतो. मग बाळ्याला आकडाच दाखवतो.”

पद्धत त्यांनी काटेकोर ठेवली. विहिरीच्या काठावर एका दगडावर रंगाची खूण केली, म्हणजे माप रोज एकाच जागेवरून निघेल. फितीच्या टोकाला वजन बांधले. त्या आठवड्यात वीज दिवसा होती, सकाळी आठ ते दुपारी चार. तेव्हा एक माप आठच्या आधी आणि एक चारनंतर. काठापासून पाणी किती फुटांवर आहे, एवढेच टिपायचे. सेहेचाळीस फुटांवर तिघांच्याही मोटरींचे फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपांची झडप लावलेली टोके, होते. पाणी तिथवर उतरले की मोटर हवा ओढणार.

सोमवारी सकाळी पाणी एकतीस फुटांवर होते, दुपारी चाळीसवर. नऊ फूट उपसा. रात्रीतून झऱ्यांनी सात फूट भरून काढले आणि मंगळवार तेहेतिसावर उजाडला. दुपारी बेचाळीस. पुन्हा नऊ फूट. नानासाहेबांना समाधान वाटले. ऊस दिवसाला नऊ फूट पितो, रात्री सात फूट भरते, म्हणजे दोन फुटांची तूट. गणित सरळ होते आणि दोषीही ठरलेला होता.

बुधवारी दुपारी त्यांनी फीत सोडली. सकाळी पस्तीस होते. आता चव्वेचाळीस भरले.

त्यांनी फीत वर ओढली, वजनाची गाठ तपासली आणि पुन्हा सोडली. चव्वेचाळीस. नऊ फूट! आणि बुधवार तर त्यांचा स्वतःचा होता. उभे पीक हरभऱ्याचे होते.

अपेक्षेविरुद्ध आकडा आला की माणूस आधी उपकरणावर संशय घेतो, आणि ते योग्यच आहे. नानासाहेबांनी घरी जाऊन फीत लोखंडी पट्टीशी ताडून पाहिली. फरक नव्हता. मग त्यांनी दुसरी शक्यता धरली: फूट व्हॉल्व्ह गळत असेल. पण गळका व्हॉल्व्ह पाणी विहिरीतच परत सोडतो, त्याने पातळी खाली जाणार नाही. तिसरी शक्यता, पाइपलाइन कुठे फुटली असावी. ही तपासण्याजोगी होती. त्या विचारात त्यांना राग नव्हता, उलट बऱ्याच दिवसांनी जुनी हुशारी अंगात आली होती. नऊ फूट पाणी गेले कुठे?

येथे वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या पाळीला नानासाहेब मोटरीकडे जातच नसत. त्यांनी स्टार्टरला ऑटो बसवला होता. वीज आली की मोटर आपोआप सुरू होई, वीज गेली की बंद. मळ्यात असा ऑटो काही नवलाचा नव्हता, पण नानासाहेबांचा अगदी कधीच न चुकणारा होता.

गुरुवारी सकाळी सदतीस फुटांचे माप टिपून ते उभे राहिले. आठ वाजता ऑटोने खट्ट केले, मोटर सुरू झाली, आणि ते पाइपलाइनच्या कडेकडेने चालू लागले. वाटेत कुठेही ओल नव्हती. पाइप शाबूत होता. शेवटी ते आपल्या हरभऱ्याच्या रानात पोहोचले. वरच्या अंगाला पाणी धो धो पडत होते, वाफ्यांमागून वाफे भरत होते आणि खालच्या बांधाशी घोटाभर तळे साचले होते. त्यात दोन बगळे उभे होते.

पाणी कुठेही हरवलेले नव्हते. ते पाठवले होते तिथेच पोहोचत होते.

शेजारच्या रानात द्रौपदाबाई विळ्याने म्हशीसाठी गवत कापत होत्या. साठी ओलांडलेली, उन्हाने रापलेली बाई. पती गेल्यावर दोन एकर त्यांनी एकटीने सांभाळले होते. एका एकरात गहू, दुसऱ्यात हरभरा आणि कडेला म्हशीपुरता थोडा घास.

“काय भावजी,” त्यांनी विळा थांबवला, “फीत घिऊन हरभऱ्याला सदरा शिवायचा इचार हाय का?”

नानासाहेब हसले नाहीत. त्यांनी वही उघडून दाखवली. “वहिनी, सोमवारी नऊ फूट. मंगळवारी नऊ. बाळ्याचा ऊस. आणि काल बुधवारी…”

“काल किती?”

“नऊच.”

“कालचा दिस कुनाचा व्हता?”

“माझा.” त्यांनी वही मिटली. “पण हरभऱ्याला एवढं लागत नाही. ते मलाही माहीत आहे.”

“लागत न्हाई ते तुमाला म्हाईत हाय. तुमच्या मोटरीला म्हाईत न्हाई.” द्रौपदाबाई बांध ओलांडून आल्या. त्यांनी नानासाहेबांच्या रानातले एक झाड उपटले. गुडघ्याच्या वर वाढलेले, गर्द हिरवे, डोळ्यांत भरणारे झाड. “लई द्येखना हाय. येनारा-जानारा वा म्हनतो. आता घाटं मोजा.”

नानासाहेबांनी दाण्यांच्या शेंगा मोजल्या. चौदा घाटे. द्रौपदाबाईंनी आपल्या रानातले झाड आणून दिले. त्याहून वीतभर ठेंगणे, जरा पिवळट. त्याला एकेचाळीस घाटे होते.

“एका झाडावरून काही ठरत नाही,” नानासाहेब म्हणाले.

“मग दहा उपटा. रान माजं, झाडं माजी, उपटा की!”

त्यांनी खरोखरच दोन्ही रानांतून, मुद्दाम न निवडता, ठरावीक पावलांवरून दहा-दहा झाडे घेतली. त्यांच्या रानाची सरासरी सतरा भरली, द्रौपदाबाईंची एकोणचाळीस. ते बांधावर बसले आणि कारणे शोधू लागले. बियाणे? दोघांनी एकाच पोत्यातले पेरले होते. पेरणी? तीन दिवसांचे अंतर. जमीन? मधे फक्त एक बांध. एकेक कारण बाद होत गेले आणि शेवटी एकच उरले. ते समोर वाफ्यात खळाळत होते.

“तुम्ही पाणी किती वेळा दिलंत?”

“फुलू लागला तवा एकदा, तुषार लावून. बस. हरभऱ्याला जादा पाणी दिलं की तो पाल्यात रमतो, घाटं धरायचं इसरतो. वर मर लागून झाडं वाळत्यात ते येगळंच.” त्यांनी हातातले झाड खाली ठेवले. “भावजी, एक इचारू? राग नका मानू. तुमी श्यानं मानूस. पीक बदललं, लोकास्नी सांगितलं. मग ही मोटर का बदलली न्हाई?”

नानासाहेबांनी उलट विचारले, “धर्माजीकाका आठवतात?”

द्रौपदाबाईंना आठवत होते. एके काळी या विहिरीला चार वाटेकरी होते. चौथे धर्माजीकाका. ते पिंपरीला कंपनीत लागले, दोन हंगाम त्यांची पाळी रिकामी गेली, आणि तिसऱ्या साली ते बैलगाडीत मोटर घालून आले तेव्हा उरलेल्यांनी त्यांना सांगितले की न उपसलेली पाळी सुटली. रविवार विहिरीला सोडलेला होताच. काकांचा दिवस बाकीच्यांनी आपसांत वाटून घेतला. काकांनी पुढे जमीनही विकली. त्या बैठकीत वीस वर्षांचे नानासाहेब चहाचे कप उचलत होते.

“तेव्हापासून डोक्यात बसलंय,” ते म्हणाले. “पाणी लागो न लागो, पाळी उपसायची. सोडली की हक्क गेला. म्हणून तर ऑटो बसवला. एकही दिवस चुकू नये.”

“म्हंजी तुमी हरभऱ्याला पाणी देतच न्हाई. हक्काला देताय.”

नानासाहेबांची नजर बांधाशी साचलेल्या पाण्याकडे गेली.

“आन् माजा गहू?” द्रौपदाबाईंचा आवाज चढला नाही, पण विळा धरलेली मूठ घट्ट झाली. “तुमच्या मागं माजी पाळी. आज तुमी नऊ फूट काढलं, की उद्या माज्या वाटंला सातच फूट, मग हवा. एक एकर गहू हाय. त्यातच खायाचं, त्यातच बी ठेवायचं. त्या बगळ्यांला तरी इचारा, त्यास्नी किती लागतं!”

नानासाहेब उठले आणि विहिरीकडे चालू लागले. साडेनऊ झाले होते. मोटरीच्या खोपीत जाऊन त्यांनी ऑटो काढला आणि स्टार्टरचे लाल बटण दाबले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या पाळीच्या दिवशी, वीज असताना, मोटर थांबली. त्यांनी माप घेतले. साडेअडतीस.

मळ्यात मोटर थांबलेली सर्वांना ऐकू येते. दहा मिनिटांत बाळासाहेब मोटरसायकलवरून आला.

“काय नाना, जळाली का मोटर?”

“नाही. मी बंद केली. मला पाणी नको आहे.”

बाळासाहेबाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मागून आलेल्या द्रौपदाबाईंकडे पाहिले. “मंग म्या लावतो माजी. पाळी सोडलीच हाय तर कशाला वाया घालवायची? ऊस सुकलाय पार.”

हेच ते! वाचवलेले पाणी विहिरीत एक तासही राहू शकले नव्हते. त्याला लगेच दुसरे गिऱ्हाईक मिळाले होते. एकाने शहाणपणाचे पीक घ्यावे आणि उरलेले पाणी दुसऱ्याने उपसावे, तर विहिरीला त्या शहाणपणाचा उपयोग काय? नानासाहेबांच्या मनात तीन वर्षांपासून तयार असलेले वाक्य ओठांवर आले: तुझ्या उसानेच हे सगळे केले. पण हातात वही होती, आणि वहीत बुधवार होता.

“बाळू,” ते म्हणाले, “हे बघ. तुझा ऊस, नऊ फूट. माझा हरभरा, नऊ फूट. मी तुला चोर म्हणत होतो. माप तसं म्हणत नाही.”

बाळासाहेब भांडायच्या तयारीने आला होता. समोरून असे काही येईल याची त्याने कल्पना केली नव्हती. “आरं तिच्या!” तो वहीवर वाकला. “म्हंजी म्या ऊस लावला म्हून बदनाम, आन् हे हरभरा लावून तेवढंच उपसत्यात तरी सज्जन! लई भारी न्याय हाय, राव!”

“खरं आहे.”

“आन् ऊस का लावतो ते तरी इचारलं का कदी? तोडनी झाली की पारगावच्या कारखान्याची गाडी बांधावर येती. हरभरा घिऊन ओतूरला गेलो तर व्यापारी त्याच्या मनानं भाव बोलतो.”

“तेही खरं आहे,” नानासाहेब म्हणाले. “त्याचं उत्तर माझ्याकडे आज नाही.”

“मंग लावू का मोटर?”

“बाळासाहेब,” द्रौपदाबाई मधे बोलल्या, “शनिवारच्या फुडं वार कोंचा?”

“आइतवार. का?”

“आइतवारी मोटर कोन लावतं?”

“कोनच न्हाई. विहिरीचा दिस हाय.”

“साठ वरसं झाली, आइतवार कुनी उपसला न्हाई. त्याचा हक्क सुटला का? कुनी म्हनलं का, रिकामा जातोय, मला द्या? मग भावजींनी गुरुवार सोडला, तर तो तुमचा कसा व्हतो? तो बी विहिरीचाच. उद्या तुमी मंगळवार सोडला तर त्यो बी विहिरीचा. ज्यानं सोडला, हक्क त्याचाच ऱ्हाईल. पानी तेवढं विहिरीत ऱ्हाईल.”

किती साधी गोष्ट! साठ वर्षे हा नियम त्यांच्याच आठवड्यात, त्यांच्याच डोळ्यांसमोर होता, आणि तिघांपैकी कोणालाही तो उरलेल्या सहा दिवसांना लावून पाहावासा वाटला नव्हता.

“हे उद्या फिरवनार न्हाई ना कोन?” बाळासाहेबाने विचारले. “धर्माजीकाकावानी?”

“धर्माजीकाकांशी आपण वाईट वागलो,” नानासाहेब म्हणाले. “तेव्हा मी गप्प बसलो. आज तिघंही बोलू आणि तिघंही साक्षीदार.”

बाळासाहेबाने खिशातली किल्ली काढली, बोटावर फिरवली. “आज न्हाई लावत. पर उसाला काय बोलायचं न्हाई, सांगून ठेवतो.”

“उसाला नाही बोलणार,” नानासाहेब म्हणाले. “मापाला बोलू दे.”

शुक्रवारी सकाळी काठावर तिघेही हजर होते, जणू फीत सोडणे हा काही विधी असावा. पाणी बत्तीस फुटांवर आले होते. गेल्या शुक्रवारचे माप कोणी घेतले नव्हते, पण गुरुवारची मोटर चालली असती तर ते एकोणचाळीसच्या आसपास राहिले असते, एवढा हिशेब वहीवरून करता येत होता. द्रौपदाबाईंची मोटर आठ वाजता सुरू झाली आणि चार वाजेपर्यंत तिचा आवाज एकदाही बदलला नाही. गव्हाला ते पाणी मिळाले, आणि पंधरा दिवसांनी शेवटचेही.

आणखी एक गोष्ट घडली. पुढच्या मंगळवारी बाळासाहेबाने कोणी न सांगता फीत मागून घेतली, आपल्या उसाच्या सऱ्या पाहून आला, आणि दोन वाजताच मोटर बंद केली. उसाने काही तक्रार केली नाही. कारण विचारल्यावर तो म्हणाला, “बघत व्हतो, किती कमी करता येतं ते.” त्याला उपदेश करून जे तीन वर्षांत झाले नव्हते, ते कुतूहलाने एका आठवड्यात झाले.

चैत्रात मळणी झाली. द्रौपदाबाईंच्या एका एकरात चौदा क्विंटल गहू उतरला, टपोरा आणि जड. त्यांच्या हरभऱ्याने आठ क्विंटल दिले. नानासाहेबांच्या, रस्त्यावरून सुंदर दिसणाऱ्या हरभऱ्याने साडेतीन. एका विहिरीवरून आणि एका हंगामावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे नानासाहेब प्रत्येकाला बजावत. पण साडेतीन आणि आठ यांतला फरक समजायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही, हेही ते आता सांगू लागले.

वैशाखातल्या एका रविवारी तिघे पुन्हा विहिरीवर बसले. यंदा प्रथमच पेरणीआधी कोण काय पेरणार हे एकमेकांना सांगून ठरले. बाळासाहेबाने निम्म्या रानातला खोडवा मोडायचे कबूल केले. उरलेल्या निम्म्याविषयी त्याने काही कबूल केले नाही, आणि त्याच्यावर कोणी जोरही केला नाही. हरभरा विकायला तिघांनी मिळून एकच गाडी करायची, म्हणजे भाव विचारायला तीन तोंडे असतील, ही सूचना त्याचीच होती.

वाचकहो, आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात अशा सामाईक विहिरी कितीतरी आहेत, आणि प्रत्येकीच्या काठावर कोणीतरी कोणाच्या तरी पिकाकडे बोट दाखवत उभा आहे. पिकांची फेरपालट जरूर करावी. कडधान्यामागून धान्य घ्यावे, जमिनीला विसावा द्यावा. परंतु पीक बदलून पाणी आपोआप वाचत नाही. जे पाणी पिकाला नको आहे ते विहिरीतच राहू दिले, आणि राहू देणाऱ्याचा हक्क इतरांनी राखला, तरच ते वाचते. पहिले काम एकट्याने करता येते. दुसऱ्याला शेजारी लागतो. म्हणून पुढच्या पाळीला बटण दाबण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच विचारावे: हे पाणी मी पिकाला देतो आहे, की आपल्या भीतीला? उत्तर भीतीला असे आले, तर ती मोटर बंद करावी. आपल्यामागून ज्याची पाळी आहे, त्याच्या रानात तेवढा दाणा भरेल.